सहा चिंबोऱ्यांचा पंचनामा

ती घटना आजही आठवते, असं लिहायची आम्हा पोलिसांची एक रीतच पडून गेली आहे. खरं सांगायचं तर नोकरीतल्या बहुतेक घटना मी विसरलो. चोऱ्या, मारामाऱ्या, बांधावरून फुटलेली डोकी, सगळं एकमेकांत मिसळून गेलं. ही एक मात्र विसरायची मी पुष्कळ खटपट केली आणि ते जमलं नाही. अजूनही बाजारात दोऱ्याने बांधलेल्या चिंबोऱ्या विकायला बसलेली बाई दिसली की मी पलीकडच्या बाजूने जातो. खेकड्यांना भिणारा इन्स्पेक्टर पहिलाच पाहिला, असं माझी बायको म्हणते. खरं कारण मी तिला बऱ्याच उशिरा सांगितलं.

रेवदंड्याच्या खाली, रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका खाडीकाठच्या ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. कुणाचंही नाव इथे देणार नाही. काही जण अजून त्याच गावांत राहतात आणि प्रकरण वरच्या कोर्टात आहे.

ठाण्यापासून बांधाबांधाने तासाभराच्या चालीवर कातकऱ्यांची एक वाडी होती. वाडीमागे टेकडी, टेकडीच्या पोटात एक झरा, आणि मे महिन्यातसुद्धा न आटणारं तेवढंच पाणी. एका मोठ्या भरावाच्या कामासाठी ही टेकडी फोडून दगड न्यायचा बेत ठरला होता. ठेका तालुक्यातल्या एका वजनदार ठेकेदाराकडे जाणार होता. वाडीचं म्हणणं, टेकडीवर आमचे वनहक्काचे दावे पडून आहेत, त्यांचा निकाल लागल्याशिवाय सुरुंग लावू देणार नाही. हे म्हणणं मांडणारा माणूस म्हणजे वाडीचा नाईक. कातकऱ्यांत वाडीच्या प्रमुखाला नाईक म्हणतात. वय पन्नाशीच्या आतबाहेर, अंगाने किरकोळ, आवाज मात्र असा की बैठकीत मागे बसलेल्यालाही नीट ऐकू जाई. दगडखाणीवर जनसुनावणी लागली होती आणि तिथे तो बोलणार हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं.

सुनावणीच्या चार दिवस आधी ठेकेदाराचा अर्ज आला. सदर इसम लोकांना चिथावत आहे, सुनावणीत गोंधळ घालण्याची शक्यता आहे, तरी योग्य ती कारवाई व्हावी. असे अर्ज ठाण्याला रोजचेच. मी नाईकाच्या नावाने नोटीस काढली : परवा सकाळी साडेदहाला ठाण्यात समक्ष हजर राहावे. बोलावून समज द्यायची, एक जबाब लिहून घ्यायचा आणि सोडायचं, एवढाच माझा विचार होता. एका शिपायाने ती संध्याकाळी वाडीवर बजावली. दुसऱ्या दिवशी ठेकेदार दुसऱ्याच कामासाठी ठाण्यात आला होता. माझ्या केबिनमध्ये बसून चहा घेऊन गेला. आमच्यात इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. त्या गप्पा आठवून पाहाव्यात असं पुढचे कित्येक दिवस मला वाटलं नाही.

ठरल्या दिवशी साडेदहा वाजले, अकरा वाजले, नाईकाचा पत्ता नाही. मी चिडलो. नोटीस मिळूनही गैरहजर, अशी नोंद घ्यायला सांगितली. दीडच्या सुमारास प्राथमिक आरोग्य केंद्रातून फोन आला. एका कातकऱ्याला बेशुद्ध अवस्थेत आणलंय, डोक्याला मार आहे, अंगाला दारूचा वास येतोय, पुढे अलिबागला जिल्हा रुग्णालयात हलवतोय. शिपाई जाऊन आला. माणूस नाईकच होता. खाडीच्या चिखलात सापडला, कमरेला चिंबोऱ्यांची टोपली बांधलेली होती, शेजारी रिकामी बाटली.

ठाणे अंमलदाराने मजकूर तयार केला. दारूच्या नशेत खाडीत चिंबोऱ्या धरीत असताना तोल जाऊन पडला व दगड लागून जखमी झाला. मी वाचला. मनात म्हटलं, ठाण्यात यायचं सोडून हा चिंबोऱ्या धरत बसला. कातकरी म्हटला की दारू, हे गणित माझ्याही डोक्यात पक्कं बसलेलं होतं, ते कशाला लपवू? सहीसाठी पेन हातात घेतलं, तेवढ्यात नाईकाची बायको आत आली.

नवऱ्याबरोबर अलिबागला तिने दिराला पाठवलं होतं आणि स्वतः ठाण्यात आली होती. कमरेपर्यंतचं लुगडं चिखलाने वाळून कडक झालेलं. तिने कुणाला विचारलं नाही. सरळ केबिनमध्ये येऊन हातातली टोपली माझ्या टेबलाच्या काचेवर ठेवली. आत चिंबोऱ्या जिवंत होत्या, बांबूवर त्यांचे पाय खरखर वाजत होते.

"साहेब, ह्या आमच्या न्हायत."

"काय तुमच्या नाहीत?"

"ह्या चिंबोऱ्या. ही टोपली पन आमची न्हाय. माझ्या मानसाच्या कमरंला ही कुनी बांधली?"

मी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. तिने एक चिंबोरी उचलली आणि तिच्या नांग्यांवरचा दोरा मला दाखवला. निळा नायलॉनचा दोरा, जुन्या जाळ्यातून काढलेला.

"आमी नांगी केवणीच्या सालीनं बांधतो. रानातली साल. ह्या दोऱ्यानं नांगी कापते, चिंबोरी मरते. मेलेली चिंबोरी कोन घेनार? आन चिंबोऱ्या बिलातनं काडाया आकडी लागते. आकडी घरात हाय, कुडाला खोवलेली. जा, बघ जाऊन."

"मग तो खाडीत कशाला गेला?"

"खाडीत कशाला जाईल? तुझ्याकडं येत व्हता. धुतलेला सदरा घालून निघाला. चिखलात धुतलेला सदरा घालून कोन जातंय?"

मग तिने पदराच्या गाठीतून एक घडी केलेला कागद काढला. तो दोन्ही बाजूंनी भिजलेला होता. माझीच नोटीस. नाईक ती घरी विसरून निघाला होता. कागद नसला तर साहेब ओरडेल म्हणून ती मागून धावत आली. बांधाच्या वळणावर तिला चप्पल दिसली, मग चिखलात हात दिसला. पाणी त्याच्या छातीपर्यंत चढलेलं होतं. एकटीनेच त्याला ओढून वर आणला आणि खडीच्या टेंपोला आडवी होऊन थांबवलं.

माझे हवालदार दारात उभे राहून ऐकत होते. ते आगरी, त्यांच्या घरची खारजमिनीतली शेती, भरती-ओहोटी त्यांना आमच्या ड्युटीच्या तक्त्यापेक्षा जास्त पाठ. ते म्हणाले, "साहेब, आज पुनव. ओहोटी सकाली सातलाच सरली. दहाच्या पुढं खाडी अर्धी भरून येते. त्या टायमाला बिलात हात घालनारा कातकरी मी जलमात बगितला न्हाय. आन पुनवेची चिंबोरी पोकल असते. ती धरायला कोन जीव टाकील?"

मला समजलं ते असं. त्या माणसाला डोक्यात मारून, अंगावर दारू ओतून, कमरेला टोपली बांधून चिखलात ठेवला होता. बाकीचं काम भरती करणार होती. दुपारी बाराला पूर्ण भरतीत तो बुडाला असता, संध्याकाळी ओहोटीला सापडला असता, आणि मी त्याच मजकुरावर सही केली असती.

तो कागद मी फाडला. बाईचा जबाब घेतला. खुनाचा प्रयत्न, शिवाय आदिवासींवरील अत्याचाराचं कलम, असा गुन्हा नोंदवला. अशा गुन्ह्याचा तपास उपअधीक्षकांकडे जातो, ते अलिबागहून निघाले. तोवर पंच बोलावून चिंबोऱ्यांचा पंचनामा केला. एकूण नग सहा, पैकी नर पाच, मादी एक, सर्व जिवंत, नांग्या निळ्या नायलॉनच्या दोऱ्याने बांधलेल्या. एवढ्या वर्षांत मी तलवारी जप्त केल्या, रेतीचे ट्रक जप्त केले, एकदा एक बैलही जप्त केला. चिंबोऱ्या पहिल्यांदाच. हवालदार म्हणाले, "साहेब, ह्या मुद्देमालाच्या खोलीत ठेवल्या तर दोन दिसांत वास सुटंल." मग फोटो काढले, दोरे सोडवून पाकिटात सीलबंद केले आणि चिंबोऱ्या पंचांसमक्ष खाडीत सोडल्या. एका पंचाचा जीव त्या सोडताना फार तुटत होता. हवालदारांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प बसला.

दोरा नेऊन आम्ही आसपासचे मासळी बाजार पालथे घातले. आपल्या हातची गाठ ओळखणाऱ्या बायका असतात, हे मला हवालदारांनीच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी रेवदंड्यात एका कोळणीने पाकिटातला दोरा बाहेरूनच पाहिला आणि म्हणाली, "ह्यो माझ्या हातचा. दोन येढे आन वर आडवी गाठ. दुसरी कोन अशी बांधते, दाखव." चिंबोऱ्या कुणी नेल्या ते तिला पक्कं आठवत होतं. "काल सकाळच्या पारी एक पँटवाला आला. सहा द्या बोलला. मी बोलले, पुनवेच्या हायत, पोकल निघतील, मग मला बोलू नको. तो बोलला चालंल. भाव नाय केला. टोपलीसकट घेतल्या. भाव न करनारा गिऱ्हाईक मी इसरत नाय." तिने सांगितलेल्या वर्णनाचा माणूस ठेकेदाराच्या खडीच्या कामावरचा सुपरवायझर निघाला. ओळख परेडमध्ये तिने त्याला बोट लावून काढला.

इकडे मला दुसरीच बोच लागली होती. नाईक अमुक दिवशी, अमुक वेळी, त्या बांधावरून एकटा येणार हे मारणाऱ्यांना कळलं कसं? वाडीवरच्या लोकांनी सांगणं शक्य नव्हतं. नोटीस मी काढली, ठाणे अंमलदाराने नोंदली, शिपायाने बजावली. माझा संशय शिपायावर गेला. पोरगा त्याच भागातला, त्याचा एक चुलतभाऊ ठेकेदाराच्या डंपरवर. मी त्याला केबिनमध्ये घेऊन दोन तास उभा केला. काय काय बोललो ते आता लिहवत नाही. तो रडला, पण कबूल काही करेना. आपलेच दात, आपलेच ओठ, असं म्हणून मी रात्री जेवलो नाही. स्वतःची मोठी कीव वाटली होती मला.

सुपरवायझरची चौकशी मीच केली. उपअधीक्षकांनी तसं सांगितलं होतं, कारण मला ती माणसं ठाऊक होती. चौकशीच्या खोलीत मी, तो आणि जबाब लिहिणारा रायटर. पहिला दिवस त्याने नन्नाचा पाढा लावला. मी त्याला दरडावलं नाही. असा माणूस दरडावला की त्याला बरंच वाटतं, बाहेर जाऊन सांगायला होतं. दुसऱ्या दिवशी मी टेबलावर फक्त ते सीलबंद पाकीट ठेवलं आणि अर्धा तास दुसऱ्याच फाइली चाळत बसलो. तो त्या दोऱ्याकडे बघत राहिला.

शेवटी म्हणाला, "साहेब, मारायचं नव्हतं. हातपाय मोडा बोलले होते, सुनावणीला उभा राहाता कामा नये, बस. घाव डोक्यात बसला. मग बाकीचे बोलले, आता सोडला तर नाव घेईल."

"टोपली तर तू सकाळीच घेतलीस. आधीच ठरलं होतं."

मग मान खाली घालून म्हणाला, "हां."

"तो त्या वेळी बांधावरून येणार हे तुला कुणी सांगितलं?"

"शेटनी."

"शेटला कुणी सांगितलं?"

त्याने वर पाहिलं. माझी टिंगल चालली आहे का, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर होतं. "साहेब, तुम्हीच. आदल्या दिवशी केबिनमध्ये. मी पन होतो ना बाजूला, फाइल घेऊन."

रायटरचं पेन थांबलं.

आणि मला सगळं आठवलं. चहाचा कप, ठेकेदाराचं हसणं. तो म्हणाला होता, "साहेब, आमच्या अर्जाचं काही झालं की नाही?" मी म्हणालो होतो, "उद्या साडेदहाला बोलावलाय त्याला. देतो समज." तो म्हणाला होता, "आख्खी वाडी घेऊन आला तर ठाण्यात गर्दी व्हायची." आणि मी, आपण किती नीट बंदोबस्त केला आहे हे दाखवायला म्हणालो होतो, "एकट्यालाच यायला सांगितलंय. बांधावरून चालत येईल बिचारा." बिचारा हा शब्द मी वापरला होता.

रायटर हळूच म्हणाला, "साहेब, हे घेऊ का?"

तो माझ्याच हाताखालचा. मी नुसती मान हलवली असती तरी ते वाक्य कागदावर उतरलं नसतं. सुपरवायझरही समजून गेला होता. त्याच्या डोळ्यांत एकदम आशा दिसायला लागली, की आता साहेब आपल्याशी काहीतरी ठरवेल. माझी बढती तोंडावर होती. घरी मुलीचं लग्न ठरत होतं. आणि हेही मला कळत होतं की ठेकेदाराला या गुन्ह्याशी जोडणारा धागा तेवढाच आहे. मारणारे मजूर, चिंबोऱ्या घेणारा सुपरवायझर. ठेकेदाराने कुठे हात लावलेला नव्हता. वेळ आणि वाट त्याला माहीत होती, हे सिद्ध करणारा माणूस जगात एकच, आणि तो मी. पोलिसापुढची आरोपीची कबुली कोर्टात टिकत नाही. माझी साक्ष टिकली असती. अलिबागच्या इस्पितळात नाईक शुद्धीवर आला होता, पण बोलू शकत नव्हता.

समोरची फाइल मी मिटून बाजूला सारली.

"घे," मी म्हणालो. "शब्दाला शब्द घे."

त्याच दिवशी मी उपअधीक्षकांपुढे जाऊन उभा राहिलो आणि मला साक्षीदार करा असं सांगितलं. ते म्हणाले, "विचार केलाय?" मी म्हणालो, "विचार केला तर जमणार नाही, सर. आत्ताच जबाब घ्या." ठाण्यात परत आलो तेव्हा तो शिपाई दारावर ड्युटीला होता. मी त्याच्यापुढे थांबून म्हणालो, माझं चुकलं. त्याने सॅल्यूट केला. त्याला काय वाटलं ते त्याने कधी सांगितलं नाही, आणि विचारायचा मला अधिकार नव्हता.

कुंपणच शेत खातं असं आपण म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे लाच खाणारा माणूस असतो. मी एक पैसा घेतलेला नव्हता. मी फक्त चहा प्यायलो आणि एका प्रतिष्ठित माणसाशी मोकळेपणाने बोललो. नाईक कधी माझ्या केबिनमध्ये बसून चहा प्याला असता का? त्याचे तीन अर्ज ठाण्यात पडून होते. टेकडीवर रात्री-अपरात्री मोजणीची माणसं येतात, धमक्या देतात, असे. त्या अर्जांवर मी कधी कुणाला साडेदहाला बोलावलं नव्हतं.

खात्याने चौकशी लावली, सक्त ताकीद दिली, बढती गेली ती गेलीच. जनसुनावणी पुढे ढकलली गेली आणि नंतर झाली. नाईक काठी टेकीत आला, उजवा हात लटकता, तोंडातून शब्द फुटेना. तो माईकपुढे नुसता उभा राहिला. मग त्याच्यामागून वाडीतल्या बायका एकेक करून आल्या आणि प्रत्येकी त्याच्या वतीने बोलली, झऱ्याचं, दाव्यांचं, सगळं. संध्याकाळपर्यंत रांग संपली नाही. मी बंदोबस्ताला होतो. टेकडी अजून उभी आहे. उद्याचं मी सांगू शकत नाही.

खटला उभा राहिला तोवर मी निवृत्त झालो होतो. साध्या कपड्यात साक्षीच्या पिंजऱ्यात गेलो. सरकारी वकिलांनी ती भिजलेली, वाळलेली नोटीस दाखवली. "ही सही आपली?" मी होय म्हटलं. मग आरोपीचे वकील उठले आणि मोठ्या सभ्यपणाने त्यांनी विचारलं, "म्हणजे साहेब, आपल्या म्हणण्याप्रमाणे माझ्या अशिलाला ही माहिती खुद्द आपणच दिलीत?" मी म्हणालो, "होय. मीच दिली." मागच्या बाकावर नाईक आणि त्याची बायको बसली होती. त्यांना हे तोवर माहीत नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. ठेकेदाराला आणि त्याच्या माणसांना शिक्षा लागली, अपील चालू आहे.

साक्ष झाल्यावर मी पायऱ्यांवर थांबलो. पळून जावंसं वाटत होतं, म्हणूनच थांबलो. ती बाहेर आली. नवऱ्याला तिने भिंतीच्या सावलीत बसवलं आणि माझ्याकडे आली. शिव्या देईल, थुंकेल, पाया पडेल, सगळ्याची मी मनाशी तयारी केली होती. ती तसं काही करणारी नव्हती. तिने शांतपणे विचारलं, "साहेब, तुला त्याच्याशी बोलायचंच व्हतं ना?"

"हो."

"तुझ्याकडं गाडी व्हती. त्याला चालत का बोलावलास?"

मी पोलीस खात्यात उभा जन्म लोकांना प्रश्न विचारले. कोण कुठे होता, कुणी काय पाहिलं, कुणी कुणाला काय सांगितलं. उत्तर येईपर्यंत सोडायचं नाही, ही माझी ख्याती होती. तिनेही उत्तराची वाट पाहिली, बरीच पाहिली. मग नवऱ्याला उठवलं आणि त्याचा हात धरून एसटी स्टँडच्या रस्त्याला लागली.